साच्याला जे साधले नाही

प्लास्टिकच्या सुट्या भागांतून मोटारीची लघुप्रतिकृती जुळविण्याच्या कलेत आयुष्याचा बराच काळ घालविलेल्या माणसाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तो असा की, अर्धशतकापूर्वी निघालेला एखादा संच आज बांधावयास घेतला, तर त्यात सुधारणा करण्याचा अधिकार बांधणाऱ्याला कितपत पोहोचतो. माझा निर्णय या बाबतीत स्पष्ट आहे. पोलादी साच्याला जे साधणे शक्यच नव्हते, तेवढे आपण करावे. परंतु संच आखणाऱ्याने जे समजून-उमजून ठरविले, त्यात दखल देऊ नये. याचा खुलासा मी एअरफिक्स या इंग्लिश कारखान्याने १९७१ साली काढलेल्या, मूळ मोटारीच्या एकद्वादशांश प्रमाणातील सुपरचार्ज्ड बेंटलीच्या संचाच्या आधारे करतो, कारण या कलेच्या साऱ्या अडचणी आणि सारे आनंद त्या एका खोक्यात एकत्र सापडतात.

मूळ मोटारीचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. साडेचार लिटरच्या इंजिनाला हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसवावा, हा आग्रह शर्यतपटू सर हेन्री बर्किन यांचा; तो इंजिनाच्या स्वभावाशी विसंगत आहे, असे स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली यांचे ठाम मत होते. तरीही डोरोथी पॅजेट यांच्या द्रव्यबळावर आणि अॅम्हर्स्ट व्हिलिअर्स यांच्या यंत्रकौशल्यावर ती योजना सिद्धीस गेली, आणि शर्यतीच्या नियमाप्रमाणे विक्रीसाठी पन्नास व शर्यतीच्या पाच अशा पंचावन्न गाड्या बांधल्या गेल्या. १९३० साली ल मांच्या शर्यतीत त्यांपैकी एकही शेवटपर्यंत टिकली नाही. पण त्याच वर्षी पो येथे भरलेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये, हलक्या बुगाटी गाड्यांच्या मेळ्यात, बर्किन यांनी आपली अवजड चार आसनी गाडी दुसऱ्या क्रमांकावर आणली. तो सुपरचार्जर रेडिएटरच्याही पुढे, उघड्यावर बसविलेला असल्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच जाते, आणि म्हणून बांधणाऱ्यानेही आपल्या श्रमाचा पहिला वाटा तेथेच खर्च करावा.

आता साच्याची मर्यादा म्हणजे काय, ते पाहू. पॉलिस्टायरिन वितळवून दाबाने साच्यात भरले जाते. पोकळी फार अरुंद असली तर रस टोकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच थिजतो, आणि थिजलेला भाग साच्यातून सुखरूप निघावा म्हणून त्याच्या बाजू किंचित उतरत्या ठेवाव्या लागतात. खऱ्या मडगार्डचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. त्याचा बारावा हिस्सा म्हणजे कागदाची जाडी झाली, आणि ती कोणत्याही साच्यातून निघणे असंभवनीय. म्हणून संचातील मडगार्डची कड प्रमाणाच्या हिशेबाने कित्येक पट जाड असते, आणि प्रतिकृती खेळण्यासारखी भासते ती मुख्यत्वे या कडेमुळे. यावर उपाय असा की, संपूर्ण भाग पातळ करण्याच्या भरीस न पडता, केवळ कडेलगतची पट्टी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने धारदार पात्याने खरवडीत जावी व शेवटी बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून फिरवावा. पुढून पाहणाऱ्याला पत्रा दिसतो, आणि मागे भागाची मजबुती कायम राहते. या एका कामाला जो धीर लागतो, तो ज्याच्यापाशी आहे त्याला पुढचे काहीच कठीण नाही.

चाकांचेही तसेच. खरा आरा सुमारे चार मिलिमीटर जाडीच्या तारेचा. या प्रमाणात तो मिलिमीटरच्या तृतीयांशाइतका यावयास हवा, आणि इतका बारीक, तरीही सरळ राहणारा आरा प्लास्टिकचा होत नाही. तेथे पोलादी तार घेऊन, तुंब्यापासून धावेपर्यंत आऱ्यांची मूळ गुंफण जशीच्या तशी राखून ती ओवावी. हा हस्तक्षेप मी न्याय्य मानतो. या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे दोन असे आठ प्लग व दोन मॅग्नेटो आहेत. त्यांना जोडणाऱ्या वायरींसाठी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशी लवचीक तार शोभते. बॉनेटवरून जाणाऱ्या चामडी पट्ट्यासाठी मात्र खरे चामडे वापरू नये, असा माझा आग्रह आहे. पदार्थ अस्सल असला तरी त्याचा पोत प्रमाणात लहान होत नाही, आणि त्या चामड्याची रंध्रे प्रतिकृतीवर रुपयाएवढी दिसू लागतात. रंगविलेला, थोडा चुरगळून सरळ केलेला पातळ कागद तेथे अधिक सत्य वाटतो.

रंगाच्या बाबतीत अनेक निष्णात हात वाट चुकतात. बर्किन यांच्या शर्यतीच्या गाड्यांचा मागील देह लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेला होता. त्यामुळे तेथे हिरवा रंग मंद, किंचित निस्तेज असावयास हवा, आणि धातूच्या बॉनेटवर तोच रंग तकतकीत. सर्वत्र आरशासारखी झिलई चढविली की, पुष्कळ परिश्रमांनी मूळ मोटारीचा एक मुख्य गुण पुसला जातो. आमच्या कोकणपट्टीच्या हवेत पावसाळ्यात लॅकर फवारले तर ओलाव्याने त्यावर पांढुरकी धुरी धरते, म्हणून रंगकाम दसऱ्यानंतर काढावे, हे उत्तम. पिवळी पडलेली जुनी डिकल्स फेकू नयेत. काही दिवस खिडकीच्या काचेवर उन्हात लावून ठेवली तर बहुधा शुभ्र होतात.

इतके केल्यावर थांबावे. आज पितळी पत्र्याचे कोरीव भाग आणि यंत्रावर कातलेले धातूचे सुटे भाग सहज मिळतात. त्यांच्या मोहाने एकेक भाग बदलीत गेले, तर अखेरीस उत्तम मोटार उरेलही, परंतु १९७१ चा संच उरणार नाही. त्या काळी मोठा नमुना हाताने घडवून, पँटोग्राफ यंत्राने तो लहान करीत पोलादात उतरविण्याची रीत होती. कोणता तपशील ठेवावा व कोणता वगळावा, हा निवाडा त्या अनाम कारागिरांच्या डोळ्याने केलेला आहे, आणि माझ्या लेखी तो एका युगाचा अस्सल दस्तऐवज आहे.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असा एखादा संच पडून असेल, तर तो अवश्य बांधावा. मात्र जे भाग बदलाल ते मूळ भाग, सूचनापत्रक आणि आपण काय केले याची सविस्तर नोंद एका पाकिटात घालून प्रतिकृतीसोबत जपून ठेवावी, म्हणजे पुढे ती ज्याच्या हाती जाईल त्याला आपले काम तपासता येईल, आणि पटले नाही तर उलटविताही येईल.