३७८ नंबरचं दार

कॅबिनेटच्या पाठीला, कीबोर्डच्या वायरीशेजारी तो बसलेला असायचा. पंचवीस भोकं, दोन्ही बाजूंना स्क्रू, अंगावर बहुधा गडद डाळिंबी रंग. पुण्याच्या तपकीर गल्लीत त्याची केबल मागितली की दुकानदार विचारायचा, "प्रिंटरची ना?" १९८१च्या आयबीएम पीसीपासून पॅरलल पोर्टची जगाला ओळख तेवढीच. आम्हा हार्डवेअरच्या पोरांचा मात्र तो पहिला गुरू.

त्याचा पत्ता बहुतेक मशीनवर ठरलेला: हेक्स ३७८, लागून ३७९ आणि ३७ए. पहिल्यावरून आठ तारा बाहेर, दुसऱ्यावर पाच आत, तिसऱ्यावर चार नियंत्रणाच्या, उरलेल्या ग्राउंड. ३७८ वर १ लिहिलं की दोन नंबरच्या पिनेला रेझिस्टर लावून जोडलेला एलईडी पेटलाच. स्वभावात थोडा तिढा होता. अकरा नंबरची 'बिझी' तार उलटी वाचायची: पिनेवर शून्य, तर रजिस्टरात एक. पण लपवाछपवी नाही. मल्टिमीटर टेकवला की सगळं कबूल.

लिनक्सवर त्याला भेटायचं तर रूट व्हायचं आणि आयओपर्मनं कर्नलची परवानगी काढायची, ३७८ पासून तीन पोर्टांची, म्हणजे तीन पत्त्यांची. प्रोसेसरकडे पोर्ट ६५,५३६. त्यातले तीन उघडे, बाकी सगळ्यांना कुलूप.

त्या कुलपाची किंमत मला स्टेपर मोटर फिरवताना कळली. १०, ६, ५, ९ असे आकडे ओळीनं पाठवायचे होते. टर्बो सीची सवय अशी की आधी पोर्ट, मग डेटा. लिनक्सच्या आउटबी या फंक्शनला नेमकं उलटं लागतं. माझा पहिलाच हुकूम १० नंबरच्या पोर्टाकडे निघाला. तिथे डीएमए कंट्रोलर बसतो, म्हणजे प्रोसेसरला न विचारता मेमरीत डेटा भरणारी चिप. बाकीचे तीन आकडेही त्याच्याच घरातले. पडद्यावर आलं 'सेगमेंटेशन फॉल्ट'. प्रोग्राम मेला, मशीन शांतपणे चालू राहिलं. हीच चूक कर्नल मोड्यूलमध्ये झाली असती, तर अडवायला कोणी नव्हतं.

या पद्धतीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. साध्या प्रोग्रामला इंटरप्ट मिळत नाही; तार बदलली का, हे पुनःपुन्हा विचारत बसावं लागतं. मध्येच शेड्युलरनं प्रोग्राम बाजूला केला की मोटर अडखळते. शेवटी ड्रायव्हर लिहावाच लागतो. पण तोवर उपकरणाची नाडी हाताला लागलेली असते, आणि मला वाटतं, निम्मा ड्रायव्हर तिथेच लिहून होतो.

आजच्या लॅपटॉपवर तो नाही. यूएसबीच्या प्रिंटर केबलला ३७८ हा पत्ता नसतो, त्यामुळे तिचा इथे उपयोग नाही. म्हणून सांगतो, तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये असं जुनं मशीन धूळ खात असेल तर ते भंगारात देऊ नका. एखाद्या विद्यार्थ्याला आठ एलईडी देऊन एक दुपार त्याच्यासमोर बसवा.