लोणारच्या काठावर आईसोबत

गेल्या हिवाळ्यात मुलांच्या सुट्टीत आम्ही लोणारला जाऊन आलो. आम्ही म्हणजे घरातील पाच माणसे. आम्ही दोघे नवरा-बायको, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि त्यांची आजी, म्हणजे आमची आई. आईला न्यायचे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. वय सत्तरीपुढचे, त्यात गुडघे धरलेले. पण नात हट्टाला पेटली होती.

"काय हाय तिथं?" आईने विचारले.

"मोठा खड्डा आहे आजी. आकाशातून दगड पडून झालेला."

"खड्डा बगायला एवढं भाडं घालता व्हय?" आई हसली, पण भाकरी-ठेचा तिनेच बांधला.

छत्रपती संभाजीनगरहून पहाटेची एस.टी. धरली. जालना मागे पडले, पुढे जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा. मग सुलतानपूरला मुख्य रस्ता सोडून गाडी लोणारकडे वळली. दोन्ही बाजूंना तूर आणि कपाशी, जमीन अगदी सपाट. पुढे काही अचाट दिसणार आहे याची कसलीच खूण नाही. गावाबाहेर थोडा चढ लागतो. आपण टेकाडावर चढतो आहोत असे वाटते, आणि चार पावलांवर जमीनच संपते.

आम्ही सगळे गप्प झालो. एरवी क्षणभर न थांबणारा आमचा धाकटासुद्धा आईचा पदर धरून उभा राहिला. समोर भलीमोठी वाटी. पलीकडच्या काठावरची झाडे गवताच्या काड्यांएवढी दिसत होती. खाली उतारावर दाट झाडी आणि तळाशी शेवाळी हिरवे पाणी. काठापासून काठापर्यंत अंतर सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. हे आकडे आम्ही घरी वाचले होते. पण वाचलेला आकडा आणि पायाखाली उघडलेला आकडा यांत किती फरक असतो, ते त्या दिवशी कळले.

आम्ही चढलो ते टेकाड म्हणजे या खड्ड्याचाच काठ. आघाताने जे दगड-माती वर उसळले, त्यांचा हा कठडा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. काठावरचे खडकाचे थरही बाहेरच्या बाजूला वर उचललेले आणि वाकलेले आहेत.

मुलगी वहीत टिपण करून आली होती. तिने आजीला बसवून सांगायला सुरुवात केली. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. हा खड्डा कशाने झाला, हा प्रश्न पुढे दीडशे वर्षे भिजत पडला. आपल्या दख्खनचा सगळा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तेव्हा हेही ज्वालामुखीचेच तोंड असेल, असे पुष्कळांना वाटे. मग इथल्या दगडात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. दगडातल्या स्फटिकाला भयंकर दाबाचा धक्का बसला की त्याची अशी काच होते; ज्वालामुखीच्या नुसत्या उष्णतेने ती होत नाही. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि अशनीच्या आघाताची गोष्ट पक्की झाली. चंद्रावरही असाच काळा दगड आणि असेच खड्डे आहेत, म्हणून शास्त्रज्ञांना लोणारचे मोठे अप्रूप. वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने मोजले तर सुमारे ५२ हजार वर्षे येतात, २०११ सालच्या दुसऱ्या मोजणीने सुमारे पाच लाख सत्तर हजार. "एवढा फरक?" आम्ही म्हणालो. मुलगी म्हणाली, "बाबा, ते तपासतायत अजून."

आईचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. तिने शेजारचा एक काळा दगड उचलला, बोटाच्या पेराने वाजवून पाहिला, तळहातावर फिरवला.

"ह्यो तर आपलाच फत्तर," ती म्हणाली.

१९७२च्या दुष्काळात आईने खडी फोडली होती. तेव्हा तिचे नुकतेच लग्न झाले होते. रस्त्याच्या कामावर दिवसभर सुतकी चालवायची, संध्याकाळी सुकडी आणि मिलो घेऊन घरी यायचे. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, इतके की अलीकडे नीट ऐकतही नव्हतो. तिच्या उजव्या हाताचे बोट आजही पुरते मिटत नाही.

"ह्येची शीर घावली तर फुटतो," आई नातीला सांगू लागली. "न्हाई घावली तर घण उलटा येतो अंगावर. एक पाटी खडी कराया आमचा अर्धा दिस जायचा. आन् ह्यो सगळा..." तिने हात पसरून पलीकडचा काठ दाखवला आणि बोलायची थांबली.

खरे सांगायचे तर आम्ही देखावा पाहत होतो. त्या खड्ड्याला किती जोर लागला असेल, हे आम्हा पाचजणांत तिलाच उमजले होते.

आईला सावलीत बसवून, तिच्याजवळ मुलांच्या आईला ठेवून आम्ही तिघे खाली उतरलो. वाटेत धार लागते. बारमाही गोडे पाणी, आणि खाली तळ्याचे पाणी खारट, साबणासारखे बुळबुळीत. तळ्यात ओढे येतात, पण बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये हे तळे चक्क गुलाबी झाले होते. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली.

उतारावर आणि काठाकाठाने जुनी दगडी देवळे आहेत, काही पडकी. गावातल्या दैत्यसूदन मंदिरावरचे कोरीवकाम अवश्य पाहावे. लवणासुराला विष्णूने इथे मारले अशी कथा तिथे सांगतात. दैत्याची गोष्ट आम्हाला पटणारी नाही, पण इथे काहीतरी प्रचंड घडले एवढे त्या जुन्या लोकांनी नजरेने ओळखले होते. तो कोरीव दगडही कुणाच्या तरी हातांनीच फोडलेला.

वर आलो तेव्हा धाकट्याच्या खिशात दोन दगड निघाले. हे अभयारण्य आहे, इथून दगड नेऊ नयेत, असे आम्ही बजावले तरी तो ऐकेना. शेवटी आईनेच त्याच्याकडून ते काढून काठावर ठेवले. "लई लांबून मार खाऊन बसलाय त्यो. ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

परतीच्या एस.टी.त आजी-नात शेजारी बसल्या.

"आन् वरून पडला त्यो दगड कुठं गेला गं?"

"आजी, तो बहुतेक वितळून गेला, त्याची वाफ झाली."

आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग तिने त्या काचेचे नाव पुन्हा विचारले. मुलीने तीन वेळा सांगितले, तरी ते आईच्या जिभेवर बसेना. जालना यायच्या आत तिने स्वतःच त्याला 'धक्क्याची काच' असे नाव दिले आणि समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईला सांगायला सुरुवात केली.