पिल्लाचा पहिला घास

अमेरिकेच्या आग्नेय भागातील शेतांत आणि पाइनच्या रानांत कॉर्न स्नेक नावाचा एक बिनविषारी साप राहतो. कॉर्न म्हणजे मका. या सापाच्या पोटावरील काळ्यापांढऱ्या चौकटी पाहिल्या, की रंगीत दाण्यांचे कणीस आठवते. स्वभावाने तो शांत. म्हणून त्या देशात पुष्कळ लोक तो घरी पाळतात. आपल्याकडील सापांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पकडून घरात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

अंड्यातून बाहेर पडलेले कॉर्न स्नेकचे पिल्लू वीत-दीड वीत लांब आणि पेन्सिलीहून बारीक असते. वजन अवघे सहा-सात ग्रॅम! आई अंडी घालून केव्हाच निघून गेलेली असते. अंड्यातील बलकाची थोडी शिदोरी पोटात उरलेली असते, तिच्यावर पहिले दिवस निभतात. आठदहा दिवसांनी पिल्लू पहिली कात टाकते. मग पाळणारा त्याच्यापुढे उंदराचे इवलेसे, केसही न उगवलेले मृत पिल्लू कोमट करून ठेवतो.

बरीच पिल्ले हा घास गिळतात. काही मात्र तोंड फिरवतात. एक आठवडा जातो, दुसरा जातो. शिदोरी संपत येते. पाळणाऱ्याचा जीव कासावीस होतो. तो घटकेघटकेला झाकण उघडून पाहतो, पिल्लाला हातावर घेतो, घास त्याच्या तोंडाशी नेतो. त्याची माया खरी असते. पण पिल्लाला वरून येणारा तो हात शिकारी पक्ष्यासारखाच वाटतो. तोंडात घास असताना सापाला ना चावता येते, ना चपळाईने पळता येते. मग भेदरलेले पिल्लू जेवेल कसे?

जाणकार मनुष्य अशा वेळी हात आवरतो. तो पिल्लाला लहानशा पेटीत ठेवतो, लपायला आडोसा देतो. पेटीचे एक टोक अठ्ठावीस-तीस अंश सेल्सिअस इतके उबदार राखतो, कारण बाहेरची ऊब मिळाल्याखेरीज सापाला अन्न पचत नाही. सायंकाळी घास ठेवून, पेटी झाकून, तो सकाळपर्यंत तिकडे फिरकत नाही. हे शेवटचे काम सर्वांत अवघड!

तरीही पिल्लू अडून बसले, तर? रानात असताना त्याने प्रथम बहुधा लहान सरडे किंवा झाडावरचे बेडूकच खाल्ले असते. जिभेने हवेतील वास टिपून तो टाळूतील इंद्रियाने ओळखायचा, ही सापाची रीत. उंदराचा वास त्याच्या ओळखीचा नसतो. म्हणून उंदराच्या पिल्लावर सरड्याची कात चोळतात. जीभ लवलवते, थांबते, पुन्हा लवलवते. आणि पुष्कळदा घास नाहीसा होतो. जबरदस्तीने घास कोंबणे हा अगदी अखेरचा उपाय; तो पशुवैद्याच्या हातूनच व्हावा, कारण कोवळा जबडा सहज दुखावतो.

एकदा खाल्ले म्हणजे पिल्लू अन्नाला लागले, असे मात्र नव्हे. दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. पाचसहा दिवसांनी पुन्हा घास, पुन्हा झाकण, पुन्हा वाट पाहणे. दर खेपेस सरड्याचा वास थोडा कमी करायचा. वास न लावलेले तीनचार घास ओळीने गिळले गेले, की पाळणारा निर्धास्त होतो, आणि सरड्याच्या कातीची डबी फळीवर मागे सरकते.