गोड वासाचे विष

विष म्हटले की ते कडूच असावयाचे, अशी आपली एक सोयीची समजूत असते. क्लोरोफॉर्म ती खोटी पाडतो. रंगहीन, पाण्याच्या दीडपट जड व वासाला गोड असा हा द्रव चरबी, मेण, राळ सहज विरघळवितो. म्हणून कारखान्यांत त्याला मान. परंतु त्याची वाफ यकृतास अपाय करते, आणि उजेड व हवा लागली की त्यातून फॉस्जीन हा प्राणघातक वायू निपजतो. यास्तव प्रयोगशाळेत त्याला तपकिरी बाटलीत ठेवावे लागते.

१८४७ साली एडिंबरोच्या सिम्सन यांनी प्रसूतिवेदना शमविण्यास तो वापरला व जगाने त्यांस दुवा दिला. पुढच्याच वर्षी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाची क्षुल्लक शस्त्रक्रिया होत असता दगावली. मृत्यू श्वास थांबल्याने येतो की हृदय, हा वाद तेथपासून पेटला. त्याचा निवाडा करण्याचा मोठा यत्न झाला तो हैदराबादेस. रेणुकेच्या गडाखालचा आमचा हा माहूरचा मुलूख तेव्हा निजामाच्याच राज्यात मोडत असे. म्हणून ही कथा मला परकी वाटत नाही.

रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली दोन चौकशी मंडळे बसली. 'लॅन्सेट'चा प्रतिनिधी यावा म्हणून निजामाने १००० पौंड दिले व लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो मुक्या जनावरांचे प्राण खर्ची पडून निर्णय झाला : श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून, श्वासावर नजर ठेवा, म्हणजे भय नाही.

१९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखविले की, भूल उथळ असतानाही हृदय एकाएकी फडफडून बंद पडू शकते.

लॉरी लबाड नव्हते. श्वासावर नजर ठेवावी, हा त्यांचा उपदेश आजही खराच आहे. घात केला तो 'भय नाही' या दोन शब्दांनी. त्यांची श्रद्धा आधीची, प्रयोग नंतरचे; आणि जो प्रश्न मनापासून विचारलाच नाही, त्याचे उत्तर शेकडो प्रयोगांतूनही मिळत नाही. इतकी वर्षे अध्यापन करून मला वाटते की, विद्यार्थ्यांना बाटलीवरील धोक्याची खूण ओळखावयास शिकविणे सोपे. स्वतःच्या खात्रीवर तशीच खूण लावावयास शिकविणे कठीण. तिचाही वास गोडच असतो.