लेबलावरचा भंडारा

वैनगंगेच्या काठी वसलेला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तलाव आणि धान ही या जिल्ह्याची दुसरी ओळख. येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर, फडताळांत मात्र कधी कधी आणखी एक ठेवा धूळ खात पडलेला असतो. तो म्हणजे मूळ लेबल असलेल्या औषधांच्या बाटल्या.

मुंबई–हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानक शहराबाहेर वरठी येथे आहे. या मार्गामुळे दोन्ही दिशांची औषधे जिल्ह्याच्या आवाक्यात आली. पश्चिमेस पनवेलचे धूतपापेश्वर (१८७२) आणि मुंबईचे झंडू (१९१०). पूर्वेस कलकत्त्याचे डाबर (१८८४) आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले बेंगॉल केमिकल.

बाटलीची घडणही बोलकी असते. तपकिरी काच औषधाचे उजेडापासून रक्षण करी. विषारी द्रव्यांसाठी अनेकदा निळी, उभ्या कंगोऱ्यांची बाटली वापरीत, म्हणजे अंधारातही हाताला धोका कळावा. दवाखान्यात कंपाउंडर मिश्रण तयार करून देई, तेव्हा बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक मात्रा. अक्षरओळख नसलेल्या रुग्णालाही तेवढे पुरेसे होते.

तथापि खरा दस्तऐवज लेबलच. त्यावर ‘भंडारा, सी. पी.’ असे छापलेले असेल, तर ते बहुधा १९५० पूर्वीचे. ‘मध्य प्रदेश’ असेल, तर १९५० ते १९५६ या काळातील. ‘मुंबई राज्य’ हा उल्लेख १९५६ ते १९६० या अल्पावधीचा, आणि त्यानंतर महाराष्ट्र. गाव जागचे हलले नाही, पण पत्ता तीनदा बदलला. ‘गोंदिया, जि. भंडारा’ हा पत्ताही १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचा. किंमत आण्यांत असल्यास लेबल साधारणतः १९५७ च्या दशमान नाण्यांआधीचे मानावे. अर्थात जुना छापील साठा संपेपर्यंत वापरला जाई. म्हणून एकाच खुणेवर निर्णय देऊ नये, दोन-तीन खुणा ताडून पाहाव्यात.

हा ठेवा नष्ट होतो तो बहुधा स्वच्छतेच्या हौसेने. घर पाडताना बाटली सापडते, कोणीतरी ती पाण्यात बुडवून लख्ख करते आणि क्षणात कागद गळून पडतो. उरते ती केवळ काच, नाव-गाव हरवलेली. म्हणून बाटली धुऊ नये. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, ऊन, ओल आणि कसर यांपासून ती जपावी. आत औषध शिल्लक असल्यास हुंगू वा चाखू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. बाटली कोणत्या घरात, कोणाच्या काळात आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे.

शहराचा इतिहास किल्ल्यांच्या तटांवर वाचता येतो, तसा तो दोन बोटे रुंदीच्या कागदावरही वाचता येतो. कोणत्या आजाराशी लोक झुंजले, कोणावर विश्वास टाकला आणि त्यासाठी किती आणे मोजले, हे तो कागदच सांगतो. तो कोरडा राहिला पाहिजे, एवढेच.