रिकाम्या खुर्च्या

आज पुन्हा गोलरक्षक इकर कासियासची ती चित्रफीत पाहिली. जुलै २०१५. रिअल माद्रिदच्या पत्रकार कक्षात तो एकटाच बसलाय. क्लब सोडत असल्याचं निवेदन वाचताना हुंदका आवरत नाही. नऊ वर्षांचा असताना क्लबात आलेला मुलगा, ७२५ सामने, तीन चॅम्पियन्स लीग. आणि शेजारी क्लबचं कुणीच नाही. टीकेनंतर दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले, चषकही मांडले गेले. मला ते अधिकच लागलं.

चौतिशीतल्या गोलरक्षकाला सोडणं चूक नव्हे. संघ पुढे जाणारच. पण असा निर्णय खेळाडूला आधी, समोर बसवून सांगावा, आणि तो घेणाऱ्यानं निरोपालाही हजर राहावं.

युव्हेंटसच्या देल पिएरोचा हा शेवटचा हंगाम, असं क्लबच्या अध्यक्षांनी भागधारकांच्या सभेत जाहीर केलं, हेही मला पटलेलं नाही. तरी मे २०१२ मध्ये अटालांटाविरुद्ध त्याला घरच्या मैदानावर खेळता आलं. त्यानं गोल केला, त्याच्या जागी बदली खेळाडू आल्यावर खेळ चालू असतानाच मैदानाला फेरी मारली. सामन्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. कासियासला घरच्या बर्नाबेऊवर असा एक सामना द्यायलाच हवा होता.