थांबण्याची झीज

पौषात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी हुरड्यावर आली की वाऱ्यालाच हिरवट, दुधाळ वास येतो, आणि आज त्या वासात अंगणातला ग्रीसचा, उन्हात तापलेल्या लोखंडाचा वासही मिसळला होता. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट सैल केले, मागच्या चाकांना दगड लावले, मग जॅकचा दांडा फिरवत राहिलो. गाडी तसूतसूनं वर आली. चाक अधांतरी फिरलं.

काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं. जॅक निसटलाच तर भार त्यावर यावा म्हणून. हे करताना चोखोबा आठवतात. १३३८ साली याच गावाचं गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते तिच्याखाली गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून नामदेवांनी ती पंढरपूरला महाद्वारापाशी नेली, असं आजी सांगायची. नाम ऐकणारा आला, पण भिंत पडल्यावर आला. उभ्या आयुष्यात ज्याला गावानं कुसाबाहेर ठेवलं, त्याच्यावरच ते कूस पडावं, हे मला अजून सोसत नाही. चाक आणखी वीतभर आत ढकललं.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला, कॅलिपर वर उचलून तारेनं बांधला आणि ब्रेकचे जुने पॅड हातात आले. नवेपणी दहा-बारा मिलिमीटर असणारा थर तिनाच्याही खाली उतरला होता. लेकीनं बोटानं चाचपून विचारलं, "बाबा, बाकीचं कुठं गेलं?"

गेलं रस्त्यावर. पंढरपूरच्या वाटेवर पताका घेऊन निघालेल्या दिंडीमागं, उसानं लवलेल्या ट्रॉलीमागं, सांगोल्याकडच्या वळणावर आडव्या आलेल्या मेंढरांपुढं, शाळा सुटताच रस्त्यात धावलेल्या पोरापुढं. धावत्या गाडीचा वेग अंगावर घेत, तापत, कणाकणानं झिजत, चाकाच्या आत काळी भुकटी होऊन गेलं.

सगळे वाचले.

जुना पॅड पिस्टनवर टेकवून सी क्लॅम्प हलके हलके आवळला, तसं बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल चढू लागलं. बंद नळीतल्या द्रवावर इकडं दाब पडला की तो तिकडं जसाच्या तसा पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत घोकला होता. मनगटाला तो इथं कळला. नवे पॅड बसले. काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं असतं. पहिल्या दाबाला पाय थेट तळाशी जातो, छातीत धस्स होतं, आणि मग पायाखाली हळूहळू आधार भरत येतो.

पण ते नंतर. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. लेक पाना घेऊन दुसऱ्या चाकापाशी बसलीसुद्धा.

"चाक निघालं की आधी गाडीखाली सरकव," मी म्हणालो. "मगच हात घाल."